पूल पडतो आणि जात आठवते

यंत्रे, रस्ते, पूल, रेल्वे आणि विमाने यांविषयी वृत्तपत्रांत जे लिहून येते, त्याला आता तंत्रज्ञानविषयक पत्रकारिता असे भारदस्त नाव मिळाले आहे. तिच्याकडून सामान्य माणसाची अपेक्षा साधी आहे. यंत्र का बिघडले, पूल का पडला, दोष आराखड्यात होता की मालात की देखभालीत, हे तिने शोधावे आणि समजेल अशा भाषेत सांगावे. पण शोध घ्यायला वेळ लागतो, कागद वाचावे लागतात, साइटवर जावे लागते. त्यापेक्षा वाचकांची मते मागवणे सोपे. म्हणून दुर्घटनेनंतर दोन दिवसांत 'वाचकांना काय वाटते' हा मथळा सजतो आणि वाटण्यालाच वस्तुस्थितीची किंमत येते. या सोयीस्कर व्यवहारात दलितांच्या वाट्याला काय येते, एवढाच प्रश्न मला येथे मांडायचा आहे.

पनवेलला राहणाऱ्या माणसाला हा विषय टाळता येत नाही. मुंबई–गोवा महामार्ग आमच्या पळस्प्यावरून कोकणात उतरतो. त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि दशकभराहून अधिक काळ रखडले. द्रुतगती मार्ग कळंबोलीहून घाटाकडे जातो. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. सिमेंट, लोखंड आणि डांबर यांच्या बातम्या येथे रोजच्या आहेत. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. रूळ तपासत उन्हापावसात मैलोगणती चालणे ही त्यांची नोकरी. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि ज्यांना मी भौतिकशास्त्र शिकवतो त्यांतील पुष्कळ जण आपापल्या घरांतले पहिलेच. ही मुले वृत्तपत्रांतील कात्रणे घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हे खरे आहे का?" वर्तमानपत्राने जो प्रश्न विचारायला हवा होता तो विद्यार्थ्याला विचारावा लागतो, येथेच या पत्रकारितेचा पराभव आहे.

कात्रणांतील सूर ठरलेला असतो. कुठे पूल खचला, गाडी घसरली, उड्डाणपुलाला तडा गेला, की पत्रांच्या रकान्यात एखादा तरी वाचक राखीव जागांवर बोट ठेवतोच. गुणवत्ता डावलली की असेच व्हायचे, हा त्याचा निष्कर्ष. पुरावा काही नसतो. रकान्याच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते, की या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. परंतु सहमतीचा येथे प्रश्नच नाही. प्रश्न खरेखोटेपणाचा आहे.

मत आणि विधान यांतील भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. 'राखीव जागा नसाव्यात' हे मत आहे. ते आपल्याला कितीही अन्यायाचे वाटले तरी मांडण्याचा अधिकार वाचकाला आहे, आणि तो काढून घ्यावा असे मी म्हणणार नाही. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नाही त्यांनी दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवू नये. परंतु 'राखीव जागांतून आलेल्या इंजिनिअरांमुळे पूल पडतात' हे मत नव्हे. ते कार्यकारणाचे विधान आहे आणि ते तपासता येते. पूल कोणत्या साली बांधला, आराखडा कोणी केला, कंत्राट कोणाचे, पाहणी कोणी केली, चौकशीत काय निघाले, याची कागदपत्रे असतात. तपासता येण्याजोगे विधान न तपासता छापणे, हे मतस्वातंत्र्याच्या नावाखाली केलेले कर्तव्याचे पलायन आहे.

आता आपणच ते तपासू. याच महामार्गावर, आमच्याच रायगड जिल्ह्यात, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरील पूल महापुरात वाहून गेला. मुंबईकडे येणाऱ्या दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. तो पूल इंग्रजी अमदानीतला, १९२८ च्या सुमारास बांधलेला दगडी कमानींचा. महाड आणि १९२८ ही नावे एकत्र उच्चारली की आपल्याला काय आठवते? २० मार्च १९२७ रोजी त्याच महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या काळात अस्पृश्याला तळ्याचे पाणी पिऊ देत नव्हते, त्या काळात त्याच गावच्या नदीवरील पुलाचा आराखडा राखीव जागेवरच्या अस्पृश्य इंजिनिअराने केला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? हिंदुस्थान सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी जागा राखून ठेवण्याचा निर्णयच मुळी बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली झाला.

मग पूल का गेला? शेजारी नवा पूल असूनही नव्वदीला टेकलेल्या या पुलावरून एका बाजूची वाहतूक चालूच होती. त्या वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि धोका आढळला नव्हता, असे सरकारकडून सांगण्यात आले. खरे प्रश्न येथून सुरू होतात. पाहणी म्हणजे नेमके काय पाहिले? कमानी वरून पाहिल्या, की पाण्याखालचा पायाही पाहिला? पुराचा जोर पायाजवळची माती खरवडून नेतो, हे पूलबांधणीच्या शास्त्रातील प्राथमिक ज्ञान आहे. जुन्या पुलांवरून पुराच्या वेळी वाहतूक थांबवण्याचा अधिकार कोणाला आणि इशारा देण्याची व्यवस्था कोणती? पत्रकाराने यांच्या मागे लागायचे होते. राज्यात असे जुने पूल किती आहेत हे विचारायचे होते. जातीची कुजबुज छापल्याने एकाही पुलाचा पाया बळकट होत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला आणि सात माणसे मेली. या पुलाची संरचनात्मक तपासणी आधीच झालेली होती आणि किरकोळ दुरुस्त्या सोडल्यास तो वापरण्यास योग्य ठरवलेला होता. ही तपासणी एका खाजगी सल्लागार संस्थेने केली होती. महापालिकेच्या चौकशीत तपासणीतल्या निष्काळजीपणावर ठपका आला आणि तपासणी करणाऱ्याला अटक झाली. म्हणजे प्रश्न होता तो खाजगी सल्लागाराच्या दाखल्यावर महापालिका डोळे मिटून का विसंबली याचा. सल्लागाराची किंवा अधिकाऱ्यांची जात शोधण्याचे मला काही कारण नाही. त्यांनी हातोडा मारून लोखंड तपासले की नाही, हे मला हवे आहे.

कोणी म्हणेल, ही दोन उदाहरणे झाली, एकूण चित्र काय? एकूण चित्रही तपासले गेले आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेचा अभ्यास करून तो २०१४ साली प्रसिद्ध केला. १९८० ते २००२ या काळातील विभागवार आकडे घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला: अनुसूचित जाती-जमातींच्या नोकरांचे प्रमाण वाढले की रेल्वेची उत्पादकता घटते काय? घट झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट, वरच्या दोन श्रेणींत, म्हणजे निर्णय घेणाऱ्या अ आणि ब वर्गांच्या जागांवर, हे प्रमाण जेथे वाढले तेथे उत्पादकतेवर काही अंशी अनुकूल परिणाम दिसला. या अभ्यासाने सगळे प्रश्न मिटले असे मी म्हणत नाही. तो रेल्वेपुरता आहे आणि त्या वर्षांपुरता आहे. परंतु राखीव जागांमुळे कार्यक्षमता बुडते असे छापणाऱ्या किती संपादकांनी त्याच पानावर या अभ्यासाला चार ओळी दिल्या? रूळ तपासत आयुष्य काढलेल्या माणसाच्या मुलाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

राखीव जागा कशी चालते, हेही वाचकाला सांगितले जात नाही. सवलत असते ती प्रवेशाच्या दारात. आत गेल्यावर प्रश्नपत्रिका एकच, परीक्षक एकच, उत्तीर्ण होण्याची रेघही एकच. पुढे पूल उभा राहतो तोही एका माणसाच्या गुणपत्रिकेवर नव्हे. आराखडा एक जण करतो, तो दुसरा तपासतो, मोठ्या पुलांचे काम निविदा भरून कंत्राटदार घेतो, काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून त्यांची ताकद मोजली जाते, आणि त्यानंतर बिल निघते. सिमेंट कमी पडले तर ते ठोकळ्यात दिसते. ठोकळा खोटा असेल तर सही करणारा आणि करवून घेणारा, दोघे सापडू शकतात. जात मोजण्याची सोय त्या यंत्रात नाही. ही सगळी साखळी सोडून बारावीच्या गुणांवर येऊन थांबणारी बातमी तंत्रज्ञानाची बातमीच नव्हे.

गुणवत्तेची चिंता खरोखर असती तर ती आणखी एका दारापाशी दिसली असती. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. देणगीच्या नावाखाली जागा विकल्या जाऊ लागल्या आणि १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. कमी गुण आणि भरपूर पैसा असलेली मुले त्या दारातून इंजिनिअर झाली. पूल पडल्यावर त्यांच्याबद्दल पत्र येते काय? पैशाने मिळवलेल्या जागेने गुणवत्ता डागाळत नाही आणि घटनेने दिलेल्या जागेने मात्र डागाळते, हा कुठला न्याय? पण येथे आपणही सावध राहिले पाहिजे. देणगी देऊन आलेल्या इंजिनिअरांमुळे पूल पडतात, असे पुराव्याशिवाय आपण लिहू लागलो तर तोच दोष आपल्याकडे येईल. आपल्या नियतकालिकांनी प्रस्थापितांकडे जो पुरावा मागायचा तो स्वतःच्या लेखणीकडेही मागितला पाहिजे.

हा रोग आपल्याच देशाचा नाही. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेताना ज्या अमेरिकेतील काळ्या बांधवांकडे पाहिले, त्यांच्याही वाट्याला हेच येते. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाच्या भिंतीतील दारवजा झाकण आकाशात उडून गेले. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरच्या पुलावर मालवाहू जहाज आदळून पूल कोसळला. दोन्ही वेळी तेथील वृत्तमाध्यमांतून, राजकारण्यांच्या तोंडून आणि लोकांच्या चर्चेतून एक मत घुमले, की काळ्यांना आणि स्त्रियांना सामावून घेण्याच्या धोरणाचा हा परिणाम. वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या तेथील सरकारी मंडळाने कागद आणि लोखंड तपासले. विमानात झाकण धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. जहाजावरची वीज गेली होती आणि तिच्या मुळाशी एक सैल राहिलेली तार होती. चार बोल्ट आणि एक तार! वर्णाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. पण चौकशीचा निकाल यायला महिने लागले, मत मात्र त्याच संध्याकाळी पसरले होते. सत्य असे नेहमी उशिरा पोहोचते आणि तोवर खोट्याने घर बांधलेले असते.

वाचकांचे मत म्हणजे लोकमत, हाही असाच एक न तपासलेला समज आहे. पत्र लिहिणारा कोण असतो? ज्याला लिहिता येते, वेळ आहे आणि आपले म्हणणे छापले जाईल असा विश्वास आहे, तो. १९३६ साली अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने निवडणुकीचा कौल घेण्यासाठी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्टने जिंकली. मंदीच्या त्या काळात नावे घेतली होती टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि उत्तरे पाठवली होती ज्यांना चीड होती त्यांनी. वीस लाख मतांनीही जे खोटे ठरले ते आपल्याकडे पाच-सहा पत्रांवर खरे मानले जाते. ज्या गँगमनच्या हातून रूळ जातो, ज्या बिगाऱ्याच्या डोक्यावरून काँक्रीटची पाटी जाते, त्याला काय वाटते हे त्या रकान्यात कधी आले आहे? माल कमी पडला तर ते सर्वांत आधी त्याला कळते.

आणि निवड करणारा कोण? २००६ साली, उच्च शिक्षणातील इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांवरून वादळ उठले असताना, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ राष्ट्रीय वृत्तसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. त्यांत अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. ज्या टेबलावर एकही दलित बसलेला नाही त्या टेबलावर 'हे तपासून पाहा' असे कोण म्हणणार? मी तेथे बसलेल्या प्रत्येकाच्या हेतूवर शंका घेत नाही. पण ज्याला एखादे विधान टोचतच नाही, त्याला ते तपासण्याची गरजही वाटत नाही. पूर्वग्रह असा काम करतो. तो दाराशी पहारा देतो आणि आपल्या माणसाला न विचारताच आत सोडतो.

ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींनी फार आधी ओळखली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक काढताना बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील वृत्तपत्रे विशिष्ट जातींच्याच हिताकडे पाहतात, ही खंत मांडली होती. त्या 'मूकनायक'ची जाहिरात, पैसे देऊनही, 'केसरी'ने छापली नव्हती. तेव्हा आपला मजकूर नाकारला जात होता. आज आपल्याविषयीचा मजकूर न तपासता स्वीकारला जातो. दोन्हींच्या मागची वृत्ती एकच आहे.

छापलेले मत कागदावरच राहते असे समजू नये. ते वर्गात येते, वसतिगृहात येते. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर जुलै महिन्यात संस्थेला लेखी सूचना काढावी लागली, की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेशपरीक्षेतील क्रमांक विचारू नये, कारण तो विचारण्यामागे जात शोधण्याचा हेतू असू शकतो. देशातील अग्रगण्य तंत्रशिक्षण संस्थेला हे कागदावर लिहावे लागते, याचा अर्थ काय? पहिल्या दिवसापासून ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, त्या मुलाला गणिताबरोबर हा संशयही सोडवत बसावे लागते. माझ्या वर्गातील एखादी हुशार मुलगी अभियांत्रिकीचा अर्ज भरताना थबकते आणि विचारते, "तिथे मला काय म्हणतील?" त्या थबकण्यात वृत्तपत्रांच्या रकान्यांचा वाटा आहे.

बाबासाहेबांनी तंत्रज्ञानाला कधी परके मानले नाही. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शास्त्रीय आणि तांत्रिक शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यासारख्या योजनांच्या, पाणी आणि विजेच्या धोरणात त्यांचा हात होता. आपल्या मुलांनी झाडू सोडून स्लाइड रूल हाती घ्यावा, हे स्वप्न त्यामागे होते. म्हणून या पत्रकारितेकडे पाठ फिरवून भागणार नाही.

करायचे काय? कार्यकर्त्यांनी निषेधाच्या पत्रकाबरोबर कागद मागण्याची सवय लावून घ्यावी. २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. पुलाच्या पाहणीचा अहवाल, ठोकळ्यांच्या चाचण्यांची नोंद, चौकशीचा निष्कर्ष मागता येतो. शिक्षकांनी वर्गात कात्रण वाचून दाखवावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे: हे कोण म्हणतो, कशावरून म्हणतो, आणि कोणाला विचारले नाही? छापण्यापूर्वी पडताळणी हा प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतील पहिल्या नियमांपैकी आहे. तो मोडला तर तक्रार करता येते. आणि विद्यार्थ्यांनी लिहावे. पत्रांचा रकाना दुसऱ्यांची मिरासदारी नाही.

आपल्या पत्रात राग असायला हरकत नाही, तो आपला हक्कच आहे. पण रागाबरोबर पुलाचे साल असावे, कंत्राटदाराचे नाव असावे, पाहणीची तारीख असावी. यापुढे कुठे पूल पडेल तेव्हा संपादकाच्या टेबलावर पहिले पत्र आपले पोहोचले पाहिजे आणि त्यात एकच मागणी असली पाहिजे: आधी चौकशीचा अहवाल छापा.